निलंग्याच्या वाटेवर फाटलेलं टायर

त्या दिवशी आम्ही घरात खोटं सांगून निघालो होतो, हे आधीच सांगून टाकते. खोटं मी बोलले होते. सासूबाईंनी फक्त मान हलवली होती.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आधी लातूरला झालं होतं. पुढच्या तपासणीला जायचं राहून गेलं होतं. मी घरात सांगितलं, शाळेत रजा टाकलीय, आत्यांना लातूरला दाखवून आणते. नवरा म्हणाला, एवढ्या लांब गाडी नेऊ नको, एसटीनं जा. मी म्हणाले, आत्यांचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढत नाहीत. मामा पेपर वाचत होते, त्यांनी वर बघितलं नाही. पण आम्ही लातूरला थांबणार नव्हतो. डॉक्टरकडं जाणार नव्हतो. आम्ही लातूर ओलांडून निलंग्याला जाणार होतो.

निलंग्याला आत्यांची धाकटी बहीण राहते. दोघींत दोनच वर्षांचं अंतर. अकरा वर्षांपूर्वी त्या बहिणीच्या मुलाचं लग्न होतं आणि आम्ही सगळे गेलो होतो. मांडवात मानाच्या माणसांना फेटे बांधत होते. माइकवरून एकेकाचं नाव पुकारायचे, माणूस पुढं जायचा, फेटा बांधून घ्यायचा. मामांचं नाव पुकारलं गेलं नाही. कुणी म्हणतं यादीत राहून गेलं, कुणी म्हणतं मुद्दाम वगळलं. मामा पंगतीला न बसता उठले आणि आम्हाला सगळ्यांना उठवलं. भरलेली जीप उपाशी नांदेडला परत आली. माझी मुलगी लहान होती, जिलबीसाठी लोह्यापर्यंत रडत होती. त्या दिवसापासून निलंगा बंद झालं. फोन बंद, संक्रांतीचं वाण बंद, सुखदुःखाला जाणं बंद. बहिणीबहिणींत काहीच झालं नव्हतं. त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

मागच्या डिसेंबरात एका बारशात कुणीतरी आत्यांना सांगितलं, की निलंग्याच्या बहिणीला लकवा मारून दोन महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं नीट येत नाही. आत्या घरी आल्या आणि मामांना म्हणाल्या, मला एकदा जाऊन येऊ द्या. मामा म्हणाले, त्या घराचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. मग आत्यांनी मुलाला विचारलं. माझा नवरा म्हणाला, मी मध्ये पडणार नाही, त्यांनाच विचार. असा महिना गेला. एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. आत्या माझ्यापाशी येऊन बसल्या, दोन-चार काड्या निवडल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुजी गाडी निलंग्याला जाती का गं?"

मी म्हणाले, "रस्ता आहे तिथं जाते."

गाडी माझी होती. लोह्याच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेवर मी शिकवते. एसटी, मग काळीपिवळी, मग दोन किलोमीटर पायी, असं कितीतरी वर्षं केल्यावर चाळिशीत मी गाडी शिकले आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. घरात कुणाला ते फारसं आवडलं नव्हतं. नवरा पाहुण्यांसमोर सांगायचा, की ही गाडी चालवते, पण बंद पडेपर्यंतच, पुढचं सगळं माझ्या गळ्यात. पाहुणे हसायचे. दोन-चार वेळा मीही हसले. मग एका रविवारी मी आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं गेले आणि म्हणाले, मला चाक बदलायला शिकवा. चाचा आधी खुर्ची पुसायला लागले, त्यांना वाटलं मी बसून बघणार. मी पदर खोचला तेव्हा म्हणाले, "मॅडम, हाथ काले हो जाते." मी म्हणाले, होऊ द्या. दोन रविवार त्यांनी माझ्याकडून चारही चाकं काढून घेतली आणि बसवून घेतली. दुसऱ्या रविवारी स्वतः स्टुलावर बसून चहा पीत राहिले आणि फक्त चुकलं की "उं हूं" म्हणायचे. पण ते सगळं दुकानापुढच्या सिमेंटवर होतं. रस्त्यावर अशी वेळ कधी आली नव्हती.

आम्ही सकाळी साडेसातला निघालो. डिकीत आत्यांनी बहिणीसाठी केवढं तरी भरलं होतं: घरच्या तुरीची डाळ, करडीच्या तेलाचा डबा, धपाटे, कारळाची चटणी, एक इरकल लुगडं. डॉक्टरकडं जाणाऱ्या बाईच्या पिशव्या एवढ्या नसतात, म्हणून त्या मी आदल्या दिवशीच शाळेतून आल्यावर एकेक करून गाडीत नेऊन ठेवल्या होत्या. निलंग्याला आतून जवळचा रस्ता आहे म्हणतात, पण मला मोठा रस्ताच ठाऊक होता. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. आत्या पुढं माझ्याशेजारी बसल्या होत्या, दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून. लातूर मागं पडेपर्यंत त्या फार बोलल्या नाहीत. औसा गेलं तसं त्यांना काहीतरी सुटल्यासारखं झालं. शेतात काढणीला आलेली करडई दाखवून म्हणाल्या, आमच्या लहानपणी हिकडं सगळी जवारीच असायची.

लामजना पाटी, म्हणजे तिथला फाटा, पाच-सात किलोमीटर राहिली असेल. समोर उसानं भरलेला ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या. त्याला ओलांडायला मी उजवीकडं गेले आणि पुढून ट्रक येताना दिसला म्हणून परत डावीकडं आले. डांबर जिथं संपतं तिथं कड तुटून तिला धार आली होती. पुढचं डावं चाक त्या कडेवरून खाली उतरलं आणि वर चढताना फाडकन् आवाज झाला. स्टिअरिंग हातातून डावीकडं ओढलं गेलं. चाचांनी एक गोष्ट शिकवली होती, की टायर गेलं तर ब्रेकवर उभं राहायचं नाही. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, पाय उचलला. गाडी खडखडत, लंगडत मुरमाच्या कडेला जाऊन थांबली.

आत्या म्हणाल्या, "काय फुटलं?"

मी खाली उतरून बघितलं. टायरच्या बाजूला मूठ जाईल एवढं तोंड वासलं होतं. आतले धागे बाहेर आले होते. तिथं पंक्चर काढणं वगैरे काही उरलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, टायर गेलं, आपल्याकडं दुसरं आहे, बसवू. बारा वाजले होते, माघातलं ऊन असलं तरी डोक्यावर होतं आणि शंभर पावलांत एक झाड नव्हतं.

स्टेपनी डिकीच्या तळाशी असते. त्यामुळं आधी सगळ्या पिशव्या बाहेर काढाव्या लागल्या. आत्यांनी रस्त्याच्या कडेला त्या ओळीनं मांडल्या आणि स्वतः तेलाच्या डब्याशेजारी उभ्या राहिल्या. मी मागच्या चाकांना दगड लावले, स्टेपनी ओढून काढली, अंगठ्यानं दाबून बघितली. हवा होती. जॅक, पाना काढला. पदर कमरेला खोचला.

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. दोघं होते. पुढचा पन्नाशीचा, गळ्यात पंचा. मागचा पंचविशीतला. पुढच्यानं गाडीत वाकून बघितलं, मागच्या सीटवर बघितलं, मग मला विचारलं, "माणूस कुठं गेला?"

मी म्हणाले, कुठला माणूस?

"गाडी चालवणारा."

"मीच चालवते."

त्यानं आत्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे संगं माणूस कोणी न्हाई?"

आत्या म्हणाल्या, "आमी दोगी काय दिसू लालाव तुला?"

मागचा हसला. पुढच्याला ते आवडलं नाही. तो गाडीला स्टँड लावून आला आणि पान्यासाठी हात पुढं केला. सरका, म्हणाला, हे बायांचं काम न्हाई, हात मोडून घ्याल. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आता कळतं. तो मदतच करायला आला होता. पण त्याचा हात ज्या खात्रीनं पुढं आला, ती खात्री मला ओळखीची होती. तो हात माझ्या घरातला होता. शाळेतला होता, जिथं झेंड्याची दोरी ओढायला दरवर्षी गावातल्या एखाद्या माणसाला बोलवतात आणि ती बांधून ठेवायचं काम माझ्याकडं असतं. मी पाना मागं घेतला आणि म्हणाले, "नको दादा. मला येतं. अडलं तर सांगेन."

"अडणारच हाय," तो म्हणाला आणि गेला नाही. छातीवर हाताची घडी घालून उभा राहिला, बघायला. त्याच्या मागच्यानं मोबाईल काढून माझ्यावर धरला.

मला रडू आलं असतं. आत्यांनी ते बघितलं असणार, कारण त्या पिशव्या सोडून त्या पोरापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "काढ, नीट काढ. घरी गेल्यावर बायकोला दाखव. तिलाबी कळू दे कसं खोलत्यात ते."

त्यानं मोबाईल खाली घेतला.

जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे असतात. पहिला नट सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्याला जोर लावावा लागला. चौथा हलेचना. मागच्या सर्व्हिसिंगला यंत्रानं आवळलेला असावा. मी पान्याच्या टोकाला धरून दोन्ही हातांनी दाबलं, मग त्यावर पाय ठेवून उभी राहिले. पाना निसटला आणि मी मुरमात आपटले. कोपर सोलवटलं. पंचावाला माणूस एक पाऊल पुढं आला आणि परत हाताची घडी घालून थांबला.

त्याच वेळी माझा फोन वाजला. फोन पुढच्या सीटवर होता. माझे हात काळे होते. आत्यांनी उचलला. नव्या मोबाईलवर बोट कसं फिरवायचं हे त्यांना नातीनं शिकवलेलं, त्यांनी ते बरोबर फिरवलं. नवऱ्याचा फोन होता. डॉक्टर काय म्हणाले, असं तो विचारत असणार.

मी बसल्या जागेवरून त्यांच्याकडं बघत होते. अजून खोटं चाललं असतं. दवाखान्यात गर्दी आहे, नंबर लागायचाय, एवढं म्हटलं असतं तरी तास दीड तास निघाला असता. मी हातानं तशी खूणही केली. आत्यांनी माझी खूण बघितली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

"डागदरकडं न्हाई गेलो," त्या म्हणाल्या. "निलंग्याला चाललोय, तुज्या मावशीकडं. रस्त्यात टायर फाटलं. ती बदलू लालीय."

पुढचं मला तुटक ऐकू आलं. तो मोठ्यानं बोलत होता. गाडीला हात लावू नका, लातूरला माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे, त्याला पाठवतो, तो येईपर्यंत गाडीत बसा, काचा लावून घ्या, आणि मग सरळ माघारी या. मग आवाज बदलला. मामांनी फोन घेतला होता. मामा ओरडत नाहीत. ते हळू बोलतात आणि घर ऐकतं. आत्या ऐकत राहिल्या. ऊन त्यांच्या तोंडावर होतं, ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

मग म्हणाल्या, "माघारी येणारच हाव. तिला बघून येणार हाव."

फोन त्यांनी कानावरून काढला, बंद कसा करायचा ते आठवेना म्हणून माझ्यासमोर धरला. मी कोपरानं बंद केला. पन्नास वर्षांच्या संसारात आत्यांनी मामांना पुढं काही बोलू न देता बोलणं संपवल्याचं मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी फोन परत सीटवर ठेवला. मग चपला काढल्या.

"सरक," त्या मला म्हणाल्या.

मी म्हणाले, आत्या, पडाल, गुडघा जाईल. त्यांनी ऐकलं नाही. पाना परत नटावर बसव म्हणाल्या, टोक आडवं ठेव, आणि खाली हातानं धरून ठेव म्हंजे निसटायचा नाही. हे मला सुचायला पाहिजे होतं. सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी तरफ शिकवते. मी पान्याचं तोंड दोन्ही हातांनी नटावर दाबून धरलं. आत्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, गाडीच्या टपाला धरलं आणि अनवाणी पाय पान्याच्या टोकावर ठेवून सगळं अंग त्यावर टाकलं. काही झालं नाही. त्या उतरल्या, परत चढल्या, आणि या वेळी जरा उसळी घेतली. कर्र असा आवाज आला, पाना खाली गेला आणि त्याच्याबरोबर आत्याही. मी त्यांना कमरेला धरलं. नट सुटला होता.

"आमी दोगी बहिणी बैलगाडीचं चाक काढून वंगण घालायचो," त्या धापा टाकत पंचावाल्याला म्हणाल्या. "बापाला पोरगा नव्हता. कोणी इचारलं न्हाई माणूस कुठं गेला म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या घरात होते आणि आत्यांनी कधी बैल हाकलेत, चाक काढलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं काम सरळ व्हायला हवं होतं, पण जॅक मुरमात रुतायला लागला. गाडी उचलण्याऐवजी तोच खाली जात होता. मी जागा बदलून बघितली, तरी तेच. तेव्हा मागून उसाचा एक ट्रॅक्टर येऊन थांबला. मगाचा नव्हे, दुसरा. ड्रायव्हर उतरला, चाळिशीचा, अंगात मळका स्वेटर. त्यानं आमच्याकडं, पंचावाल्याकडं, जॅककडं बघितलं. त्याच्या ट्रॉलीला चढावर मागं लावायचा लाकडी ठोकळा होता, तो आणून त्यानं माझ्याजवळ ठेवला.

"ताई, ह्याच्यावर ठेवा. मग न्हाई रुतत."

एवढंच बोलून तो ट्रॅक्टरच्या सावलीत जाऊन बसला आणि डबा सोडून जेवायला लागला. मला मदत घ्यायचीच नव्हती असं नाही. ज्याला काम येतं त्याला माणूस जसं सांगतो, तसं त्यानं सांगितलं होतं, म्हणून मी ते घेतलं.

ठोकळ्यावर जॅक बसला. मी फिरवत राहिले, गाडी वर आली. फाटलेलं चाक काढून गाडीखाली आडवं सारलं, जॅक निसटला तरी गाडी जमिनीवर येऊ नये म्हणून. स्टेपनी उचलून बसवताना भोकं जुळेनात. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा आत्यांनी पायानं खालून उचलून धरली आणि ती बसली. नट आत्या एकेक करून देत होत्या, ग्रीसनं त्यांचीही बोटं काळी झाली; मी ते हातानं लावले, आधी एक, मग त्याच्या समोरचा, चाचांनी सांगितल्यासारखे. जॅक उतरवून परत आवळले, शेवटची आवळणी पायानं. माझं पातळ, हात, तोंड, सगळं काळं झालं होतं. एकूण तास लागला असेल. मेकॅनिकनं दहा मिनिटांत केलं असतं.

मी उभी राहिले तेव्हा पंचावाला माणूस अजून तिथंच होता. त्यानं बसवलेल्या चाकाला लाथ मारून बघितली. मग त्यानं तेलाचा डबा उचलून डिकीत ठेवला, दोन पिशव्या ठेवल्या आणि मोटारसायकल चालू केली. जाताना म्हणाला, पाटीवर हवा बघून घ्या. मी हो म्हणाले. ठोकळा परत दिला तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं डब्याच्या झाकणात भाकरीचा तुकडा आणि ठेचा पुढं केला. आत्यांनी तो घेतला आणि आमची धपाट्याची अर्धी चळत त्याच्या डब्यात घातली.

लामजना पाटीवर पंक्चरचं दुकान होतं. हवा भरून घेतली. दुकानदारानं फाटलेलं टायर फिरवून बघितलं आणि बाजूला टाकलं. हे आता भंगारात, म्हणाला. मग कुणी बसवलं म्हणून विचारलं. मी म्हणाले, आम्ही. त्यानं स्वतःचा लांब पाना आणला आणि चारही नट तपासले. एकही हलला नाही. त्यानं पाना खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या गाडीकडं गेला. मला त्याचा फार आनंद झाला.

तिथंच लातूरच्या मेकॅनिकचा फोन आला. तो निघून औशापर्यंत आला होता. मी त्याला सांगितलं, चाक बसलं, आम्ही पुढं जातोय, तुम्ही माघारी फिरा. तो म्हणाला, साहेबांनी तुम्हाला परत आणायला सांगितलंय. मी म्हणाले, साहेबांना सांगा, त्या आल्या नाहीत. त्या माणसाचा फुकटचा हेलपाटा झाला, त्याचं वाईट वाटलं. बाकी कशाचंच नाही.

निलंग्याला पोचायला अडीच वाजले. घर तेच होतं, पुढं पत्र्याचं नवं शेड घातलेलं. बहिणीचे यजमान पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी आत्यांना ओळखलं, उठले, पण या म्हणायला त्यांचं तोंड उघडेना. माझ्या काळ्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांच्या मागं बघितलं, गाडीकडं, अजून कुणी उतरतंय का ते.

"मालक न्हाई आले?" त्यांनी विचारलं.

"त्यांचा मान त्यांच्यापाशी," आत्या म्हणाल्या. "मी माज्या बहिणीकडं आले."

आणि वाट न बघता आत गेल्या.

बहीण खाटेवर होती. तोंड एका बाजूला उतरलेलं, उजवा हात पोटावर ठेवून दिल्यासारखा. तिनं आत्यांना बघितलं. बराच वेळ बघितलं. ओठ हलत होते पण शब्द जमत नव्हता. सून पुढं होऊन सांगायला लागली, की त्यांना बोलायला वेळ लागतो. आत्यांनी तिला हातानं थांबवलं. खाटेच्या कडेला बसल्या आणि वाट बघितली. शेवटी बहीण म्हणाली, "उशीर... केलीस."

"हाव," आत्या म्हणाल्या. "केले."

त्यांनी टायरचं सांगितलं नाही, मामांचं सांगितलं नाही. मला वाटलं होतं दोघी रडतील. रडल्या नाहीत. आत्यांनी तेल मागून घेतलं, बहिणीचे केस सोडले आणि विंचरायला बसल्या. आत्यांची बोटं काळी होती, ग्रीसची, साबणानं निघालीच नव्हती. बहिणीनं डाव्या हातानं त्यांचं एक बोट धरलं, वळवून बघितलं, आणि तिच्या चांगल्या बाजूच्या तोंडानं हसली. "वं... गण," म्हणाली. आत्या इतक्या हसल्या, की पडवीतले यजमान दारात येऊन उभे राहिले.

आम्ही दोन तास होतो. जेवलो. निघताना यजमान गाडीपर्यंत आले. फेट्याचं ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. त्यांनी वाकून पुढच्या चाकाकडं बघितलं आणि सावकाश जा, म्हणाले.

नांदेडला पोचलो तेव्हा मामा पुढच्या खोलीतच होते. ते उठून आत गेले. नवरा माझी वाट बघत होता. रस्त्यात काही झालं असतं तर, आईचं वय बघितलंस का, दोन बायका भर रस्त्यात, असं बरंच बोलला. मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं बोलले, ते चुकलं. परत नाही बोलणार. गेलो ते नाही चुकलं."

तो म्हणाला, म्हणजे परत जाणार?

मी काही म्हणायच्या आत आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पुढच्या म्हैन्यात."

पुढचे काही आठवडे घर जड होतं. मामा माझ्याशी तर नाहीच, आत्यांशीही बोलेनात. पाणी हवं असलं तर नातीला सांगायचे. आत्या वेळेवर ताट वाढायच्या, समोर ठेवायच्या आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्याशेजारी जेवायला बसायच्या. पूर्वी त्या मामांचं होईपर्यंत थांबायच्या. हा बदल त्यांनी कुणाला सांगून केला नाही. मला एकदा वाटलं, आपल्यामुळं या वयात यांच्या घरात अबोला आला. तसं मी त्यांना म्हणालेही. त्या म्हणाल्या, अकरा वर्षं मी बहिणीशी अबोला धरला तवा कोणाला जड गेला न्हाई.

महिना झाला तसं एका सकाळी, सगळे चहा घेत असताना, त्या मोठ्यानं म्हणाल्या, की रविवारी आम्ही निलंग्याला जाणार आहोत. विचारलं नाही, सांगितलं. मामा कप ठेवून अंगणात गेले. नवऱ्यानं बराच वेळ चमचा फिरवला. मग मला म्हणाला, टायर जुनी झालीत, पुढची दोन्ही बदलून घे. मी घेतली.

आता आम्ही दर महिन्याला जातो. मला रजा नसेल तर आत्या एसटीनं जातात. गुडघे चढतात त्यांचे, हळूहळू का होईना. बहीण आता आधार धरून दारापर्यंत चालते. बरेच शब्द आले आहेत, त्यातले अर्धे शिव्या आहेत आणि त्या सुनेला सोडून सगळ्यांना मिळतात. मामा अजून एकदाही आलेले नाहीत, निलंग्याचं नावही काढत नाहीत. मागच्या वेळी मी आत्यांना विचारलं, त्यांना एकदा चला म्हणायचं का? आत्या सीटबेल्ट लावत होत्या. म्हणाल्या, त्यांना यायचं असंल तर मागचं शीट रिकामं हाय. तू चल.